सोनाळ्याच्या ओढ्याकाठी भांगेची बैठक

सोनाळ्याला जायचं ठरलं ते आमच्या बुलढाण्याच्या घरी, ओसरीवर वांगी निवडता निवडता. सोनाळ्याचा मामा आला की टोपलीभर हिरवी, काटेरी वांगी आणायचाच. आई किडकी वांगी बाजूला काढत होती, मी चहा घेऊन आले होते, आणि वसंतदादा नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. मामानं आवाज खाली घेतला.

"शिवरातीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याइकडे बुवाची बैठक असते. वसंताले धाडून दे."

"भांग पाजशीन त्याले?" आईनं विचारलं.

"नुसती भांग नाई व. बैठक. त्यात बुवा असते, राखण असते. लोक दुरून येतात."

आईनं एक वांगं उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "शालूले संगं घेऊन जा मंग."

हे सगळं आज लिहायचं कारण माझी नात. तिच्या एका मैत्रिणीनं परदेशात कुठेतरी, जंगलातल्या एका घरात गटानं बसून भ्रम आणणारं काहीतरी पिण्याच्या सोहळ्याला नाव नोंदवलंय. तिथे मार्गदर्शक असतात, गाद्या असतात, आधी उपवास असतो म्हणे. ती मला विचारत होती, "आजी, तू ब्लॉगवर एवढी गावं लिहितेस, पण असं काही कधी पाहिलंस का?" पाहिलं आहे. प्यायलेही आहे. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा. आमच्या शाळेच्या भिंतीवर अजून जुन्या प्रांताचा नकाशा टांगलेला होता आणि मी मुलांना त्याच्यावर हात ठेवून नवं राज्य समजावून सांगत असे.

मी तेव्हा बुलढाण्याच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं. दादा माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर तो ड्रायव्हर होता. कापसाच्या दिवसांत बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूरच्या स्टेशनात माल पोचवायचा. दिवाळीनंतर एका संध्याकाळी, मोताळ्याच्या अलीकडे एका वळणावर, त्याच्या ट्रकचा धक्का एका बैलबंडीला बसला. बंडीवर कंदील नव्हता, उजेड गेला होता, ब्रेक वेळेवर दाबला होता. बैल सुटून पळाले, बंडीवाला मात्र गेला. पोलिसांनी पंचनामा केला, दादाची चूक नाही असं ठरलं. मालक म्हणाला, आठ दिवस आराम कर आणि ये. दादा गेला नाही. तो झोपायचा आणि दचकून उठून बसायचा. जेवायचा तेही कोणीतरी सांगितलं म्हणून. त्या संध्याकाळबद्दल घरात कोणाशी तो एक शब्द बोलला नव्हता.

तर आम्ही निघालो. सोनाळ्याला जायला बुलढाण्याहून दोन रस्ते. एक घाट उतरून मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद असा. दुसरा बोथ्याच्या जंगलातून खामगाव आणि पुढे शेगाव. दादानं स्टँडवर जाऊन गुपचूप खामगावची तिकिटं काढली. मामानं ती पाहून खिशात घातली.

बोथ्याचा घाट तेव्हा आजच्यापेक्षा दाट होता. बस हळूहळू उतरत होती आणि दोन्ही बाजूंनी पानं गळालेला साग उभा होता, मधेच एखादा पळस पेटल्यासारखा फुललेला. दादा खिडकीकडे बसला नाही. ड्रायव्हरच्या हाताकडे मात्र त्याचं लक्ष होतं, गिअर बदलताना त्याचा स्वतःचा हात मांडीवर थोडासा हलत होता. हे मी पाहिलं आणि नजर बाहेर वळवली.

खामगावात उतरलो तर हवेत कापसाचे तुसे उडत होते. जिनिंगचा आवाज, तेलाच्या घाण्यांचा गोडसर वास, गाठी लादलेल्या गाड्यांची रांग. तिथे दादाला ओळखणारे बरेच होते. "काय बे वसंता," अशी एक हाक आलीसुद्धा. दादानं ऐकलं नाही असं दाखवलं आणि सरळ स्टेशनकडे चालू लागला. खामगावहून जलंबला जाणारी छोटी गाडी होती, बसेपर्यंत उतरायची वेळ व्हायची. जलंबला मोठी गाडी धरून आम्ही शेगावला आलो आणि तिथून धुळीची बस. खाण्याचं म्हणाल तर आईनं बांधून दिलेली ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा. शेगावच्या स्टँडवर चहा घेतला तो खारट लागला. मी मामाकडे पाहिलं.

"खारपान हाये पोरी," मामा म्हणाला. "पूर्णेच्या काठानं सगयं पानी असंच. सोनाळ्याले गोड पेजो."

पूर्णेवर तेव्हा पूल होता की नव्हता ते आता नक्की आठवत नाही. मला आठवतंय ते नदीच्या पात्रात उतरून रिकाम्या बसच्या मागे वाळूतून चालणं. वाळू गरम होती आणि पाण्याची एक बारीक धार मधून चालली होती. पलीकडे गेल्यावर उत्तरेला सातपुडा दिसू लागला. आधी ढगासारखा, मग निळा, मग त्याला घड्या पडल्या.

वरवटला बसमधून उतरलो, तिथे मामाची बंडी घ्यायला आली होती. मामी ती स्वतः हाकत आली होती, डोक्यावर पदर, हातात कासरा. मी चढले, मामा चढला. दादा चढला नाही.

"बस ना रे बापा," मामी म्हणाली.

"मी येतो मांगून," दादा म्हणाला.

आणि तो खरंच पूर्ण वाट बंडीच्या मागे चालत आला. मामी बैलांना हळू चालवत होती. मी मागे तोंड करून बसले होते, त्यामुळे तो वाटभर माझ्यासमोर होता, धुळीत, दिवेलागणीच्या उजेडात, नजर चाकावर ठेवून चालणारा.

दुसऱ्या दिवशी शिवरात्र. सगळ्या घराचा उपास. रताळी, भगर, शेंगदाण्याची आमटी. मामाचा मळा गावाच्या उत्तरेला होता, वांगी, मिरच्या, कोथिंबीर, कडेनं संत्र्याची काही झाडं. विहिरीचं पाणी खरंच गोड होतं, मी येता-जाता उगाचच पीत होते. मळ्याच्या पुढे एक ओढा आणि ओढ्याच्या पलीकडे महादेवाचं देऊळ, देऊळ म्हणजे दगडी ओटा, वर पत्रा आणि चार जुनी कडुनिंबं. बैठक तिथेच, पण शिवरात्रीला नाही. मी मामीला विचारलं, असं का. "उपाशी पोटी बुवा कोनालेच देत नाई," ती म्हणाली. "पारनं झाल्यावरच."

ज्यांना अशा बैठकीत काय होतं ते जाणून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी इथे जरा सविस्तर लिहिते.

पारण्याच्या सकाळी सगळे ओढ्यात अंघोळ करून आले. पंधरा-वीस माणसं असतील, बहुतेक माळी आणि कुणबी घरांतली, बाया पाच-सहा. प्रत्येक घरानं गव्हाचं जाडं पीठ आणलं होतं. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजले, मोठ्या गंजात वांग्यांची भाजी झाली, वरण झालं. सगळ्यांनी पोटभर जेवायचं, हा पहिला नियम. पैशाचा व्यवहार काही नाही.

किसनबुवा म्हणजे भगवे कपडे, जटा, असं काही माझ्या मनात होतं. प्रत्यक्षात तो साधं धोतर-बंडी घातलेला, थोडा चिडखोर, काकडीच्या वाड्या करणारा म्हातारा. कुत्र्यांना घाबरायचा, त्यामुळे बैठकीआधी दोघांना काठ्या देऊन कुत्री हाकलायला बसवलेलं. भांग तो स्वतःच वाटायचा. बडीशेप, मिरी, खसखस, गूळ, दूध हे सगळं लोकांसमोर, झाकपाक काही नाही. आणि मग एकेकाला समोर बसवून विचारायचा. झोप कशी आहे. छाती धडधडते का. काही औषध चालू आहे का. काल दारू प्यायला होतास का. घरात कोणाचं डोकं फिरलं होतं का. एका जाड्या शेतकऱ्याला त्यानं छातीवर कान ठेवून परत पाठवलं. एका बाईला तिसरा महिना होता, तिला गुळाच्या ढेपेकडे बोट दाखवत म्हणाला, "तू भजन म्हन, तुह्या वाट्याचा गूय तुले देतो."

पिणाऱ्या प्रत्येकाजवळ न पिणारा एक माणूस बसणार, त्याला राखण म्हणायचं. राखणीनं एक थेंबही घ्यायचा नाही. पिणाऱ्यानं विहिरीकडे, विस्तवाकडे, ढोरांकडे जायचं नाही. कोणी काही बरळलं तर त्याला हसायचं नाही आणि गावात सांगायचं नाही. दिवेलागण झाली की बैठक संपली. दादा पिणार आणि मी त्याची राखण, असं आमचं ठरलेलं होतं.

दादाची पाळी आली. बुवानं विचारलं, "झोप कशी हाये?"

"बरी हाये," दादा म्हणाला.

"दिवाळीपासून झोपला नाई तो," मामी मागून बोलली. "झोपते अन् घाबरून उठून बसते."

बुवानं हातातला भांगेचा गडवा खाली ठेवला. "मंग याले मी देत नाई."

"बुवा, त्याच्यासाठीच तं आनलं इतक्या दुरून," मामा म्हणाला.

"म्हूनच देत नाई. अंदर जे हाये थेच भांग मोठ्ठं करते. याच्या अंदर काय हाये थे तुले मालूम हाये, मले मालूम नाई. मी याले कसा सांभाळू?"

दादा उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. देवळाच्या ओट्याखाली काढून ठेवलेल्या त्याच्या वहाणा त्यानं पायात सरकवल्या. मला कळलं की आता हा वरवटच्या रस्त्याला लागणार आणि तसाच घरी जाऊन पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडणार. मी काही विचार केला नाही.

"मी पितो बुवा," मी म्हणाले. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. पुण्याहून आलेल्या आमच्या शाळेतल्या एक बाई याला फार हसत. "माही राखण दादा करन."

बुवानं माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. मला तेच सगळे प्रश्न विचारले. मग दादाला म्हणाला, "हे पोरगी तुह्यावर सोडून राह्यलो मी. दिवे लागेपर्यंत हिचा हात सोडायचा नाई. वहाना काढ."

दादानं वहाणा काढल्या.

मला इतरांच्या निम्मीच दिली होती. चव गोड, मिरीची, मागे गवतासारखं काहीतरी. सगळे कडुनिंबांच्या सावलीत बसलो. दोघं टाळ वाजवत हळू भजन म्हणत होते. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, माझ्यावर चढतच नाही. मामी राखण होती मामाची. मामा मात्र हसायला लागला होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, हातातल्या रोडग्याच्या तुकड्याकडे बघून.

मग माझ्या लक्षात आलं की टाळांचा आवाज गोल झाला आहे. दोन ठोक्यांच्या मधली जागा इतकी मोठी झाली होती की तिच्यात बसता येईल. मी माझ्या गुडघ्यावर हात ठेवायला गेले आणि हात पोचायला फार वेळ लागला, वाटेत मला त्याचा कंटाळा आला. कडुनिंबाचं पान गळून खाली येत होतं. ते खाली येतच राहिलं. ओढ्याच्या पाण्यावरचं ऊन झाडांच्या खोडांवर हलत होतं आणि मला वाटलं, खोडं पाण्यातच आहेत, आपणही पाण्यातच आहोत, आणि यात काही वाईट नाही. सातपुडा जवळ येऊन बसला होता. त्याच्या घड्यांमधून कोणीतरी लुगडी वाळत घातली होती, पळसाच्या रंगाची. मला ते इतकं सुंदर वाटलं की सांगायला तोंड उघडलं, आणि काय सांगायचं होतं ते तोंडाशी येईपर्यंत विसरले.

हे सुखाचं. पण खरं सांगायचं तर याच्यापुढे भीती आली. मला वाटलं की मी हे सगळं आधी एकदा जगले आहे. पान खाली आलं, टाळ वाजला, मामा हसला, आणि पुन्हा पान खाली आलं. मी त्याच एका क्षणात फिरत होते आणि बाहेर पडायची वाट बंद झाली होती. छाती जोरात उडत होती. जीभ लाकडासारखी झाली. मला वाटलं मी मरते आहे आणि आईला कळणारसुद्धा नाही.

"दादा," मी म्हणाले. किंवा म्हणाले असं मला वाटलं.

त्यानं माझा हात घट्ट धरला. "काय होऊन राह्यलं?"

"थांबलं सगयं."

त्यानं बुवाला हाक मारली. बुवा येऊन उकिडवा बसला, माझ्या डोळ्यांत पाहिलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. "काई नाई झालं माय. भेव आलं, थे जाईन." मग दादाला म्हणाला, "बोलत राय. काईबी बोल, पन थांबू नको. तुह्या आवाजाले धरून येईन थे बाहेर."

दादा चार महिने कोणाशी धड बोलला नव्हता. त्याला काही सुचेना. आधी त्यानं आईबद्दल काहीतरी सांगितलं, मग आमच्या लहानपणीच्या कुत्र्याबद्दल, मग अडखळला. मी त्याचं बोट ओढलं. तेव्हा त्याला जे सगळ्यात पाठ होतं ते तो सांगू लागला. रस्ता. "आता आपुन बुलढान्याहून निघालो," तो म्हणाला. "माल भरेल हाये. राजूरच्या घाटाच्या तोंडाले आलो. इथी गिअर खाली घ्या लागते, ब्रेकवर भरोसा ठेवाचा नाई."

आणि मला दिसायला लागलं. तो म्हणेल ते. घाटाची पहिली वाकण, दगडाचा कठडा, खाली झाडांचे शेंडे. त्याच्या आवाजाला रस्त्यासारखी लांबी होती, मी तिच्यावरून सरकत होते. ते गोल फिरणं कधी सुटलं ते कळलं नाही. घाट उतरला, हवा गरम झाली, दोन्हीकडे पराटीची वावरं, वेचणीला आलेला कापूस. दिवस मावळत होता. वळण आलं.

तिथे तो थांबला.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला त्या वळणावरच राहवेना. "पुढी काय हाये?" मी विचारलं.

टाळ वाजत होते. मग दादानं सांगितलं. अगदी त्याच आवाजात, जसा घाट सांगितला तसा. बंडी दिसली तेव्हा ती किती जवळ होती. ब्रेक. आवाज. बैलांचं पळणं. तो उतरून धावला, त्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं. ट्रकमधली पाण्याची बाटली आणली, त्याला दोन घोट पाजले. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं.

नशा असताना माणूस शहाण्यासारखं काही विचारत नाही. मला त्या माणसाची भीती वाटत नव्हती, तो माझ्या जवळच पडला होता, त्याच्या ओठांना पाणी लागलेलं होतं. मी विचारलं, "थो काई बोलला?"

"हाव," दादा म्हणाला. "राधी म्हणे. दोनदा म्हणे. राधी, राधी. त्याच्या बायकोचं नाव असन."

"मंग तिले सांगतलं तू?"

माझ्या हातावर काहीतरी ओलं पडलं. मी त्याच्या हाताशी तोंड नेऊन तशीच पडून राहिले, आणि वर कडुनिंबाची पानं हलत होती, खूप सावकाश, पण आता खाली येत होती आणि खाली आल्यावर पडून राहत होती.

दिवेलागणीला बुवानं महादेवासमोर समई लावली, प्रत्येकाला ताक दिलं आणि घरी पाठवलं. मला नीट चालता येत होतं, फक्त जमीन पायाला जरा मऊ लागत होती. दादानं हात सोडला नव्हता. दाराशी मामी म्हणाली, "झाली बापा आता दिवेलागन, सोड तिचा हात." तेव्हा त्यानं सोडला. त्या रात्री तो झोपला की नाही मला माहीत नाही, कारण मीच मेल्यासारखी झोपले. सकाळी डोकं जड होतं, तोंड कोरडं, आणि भूक अशी की मामीच्या चार भाकरी मी एकटीनं संपवल्या.

परतीच्या दिवशी मामी जळगाव जामोदच्या बसला सोडायला आली, कारण शेगावची बस चुकली होती. दादा त्या बसमध्ये चढला. जळगावहून नांदुऱ्याला आलो. नांदुऱ्याहून खामगावची गाडी लागलेली होती, मी पिशवी घेऊन तिच्याकडे निघाले. मागे वळून पाहिलं तर दादा दुसऱ्या बसच्या पायरीशी उभा होता.

"शालू, इकडून जाऊ," तो म्हणाला. बसवर पाटी होती मोताळ्याची.

मोताळ्याचा त्या दिवशी बाजार होता. मिरच्यांचे ढीग, बांगड्या, शेळ्या, दोरखंड. दादाला त्या बंडीवाल्याचं नाव पोलिसांकडून माहीत होतं, सखाराम. एका दुकानदाराला विचारलं. त्यानं आम्हाला वर-खाली पाहिलं आणि बाजाराच्या मागची गल्ली दाखवली.

मातीचं घर, पुढे अंगण, अंगणात एक बाई उन्हात बसून सुपानं तुरीची डाळ पाखडत होती. पन्नाशीची असेल. कपाळ मोकळं. दादा अंगणाच्या कडेला उभा राहिला.

"मी डायवर," तो म्हणाला. "त्या दिवशीचा."

सूप थांबलं. ती आमच्याकडे पाहत राहिली. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बसा."

आम्ही जमिनीवरच बसलो. तिचं नाव जनाबाई. तिनं आमचं नाव विचारलं नाही. एकच विचारलं, "त्यायनं पानी मांगतलं व्हतं का?"

"मांगतलं नाई. मीच पाजलं. दोन घोट पेले."

"पेले ना?"

"हाव."

तिनं मान हलवली. बहुतेक हाच एक प्रश्न ती चार महिने घेऊन बसली होती, कारण विचारायला दुसरं कोणी नव्हतंच.

"एक नाव घेतलं त्यायनं," दादा म्हणाला. "मले तवाच येऊन सांगाले पाह्यजे व्हतं. राधी म्हणे. तुमचं नाव असन म्हून..."

"माहं नाव जना हाये," ती म्हणाली.

ती जराशी मागे वळली. गोठ्याच्या सावलीत एक तांबडी गाय उभी होती, तिच्या पोटाला लागून एक चारेक महिन्यांची कालवड. जनाबाईंनी त्यांच्याकडे हात केला. "थे राधी. पयलारू व्हती. सकायपासून कया देऊन राह्यली व्हती, म्हून तं त्यायनं राजूरच्या बजारातून घाई केली. मी इथी चुलीवर भाकरी ठेवून त्यायची वाट पाहून राह्यली, अन् यायले शेवटाले बी गायीची पडली व्हती."

तिनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, आणि पुढे कधी विचारावंसंही वाटलं नाही. दादानं दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले होते आणि मान खाली.

थोड्या वेळानं ती उठली, आत गेली, दोन पेल्यांत ताक घेऊन आली. "राधीचंच हाये," ती म्हणाली. "प्या. उन्हात आले."

दादानं पेला संपवला. मग तिनं त्याला विचारलं, "गाडी सोडली म्हनतात तू. काऊन?" दादानं रिकामा पेला खाली ठेवला. "माहा पोरगा म्हने त्याची चूक नव्हती," ती म्हणाली. "मले थे मालूम नाई. मी तिथी नव्हती. पन पानी पाजलं थे बरं केलं." मग तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.

मोताळ्याहून बुलढाण्याची शेवटची बस संध्याकाळी होती. आम्ही मागच्या बाकावर बसलो. गावाबाहेर पडून ते वळण आलं. मी ओळखलं, कारण दादानं ते मला कडुनिंबाखाली दाखवलं होतं, दगडाची पाटी, वाकलेली बाभूळ, सगळं तसंच. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं डोकं खिडकीच्या गजावर टेकलेलं होतं, तोंड थोडं उघडं, आणि तो गाढ झोपला होता. घाट चढताना गाडी हिसके देत होती तरी उठला नाही. बुलढाण्याच्या स्टँडवर मला त्याला हलवून उठवावं लागलं.

आता, नातीच्या मैत्रिणीला काय सांगू. सोनाळ्याला आज जायचं असेल तर रस्ते चांगले आहेत, पूर्णेवर पूल आहे, पळस पाहायचा तर शिवरात्रीच्या आसपास जा, आणि मळ्यातलं ताजं वांगं मिळालं तर भरीत खाल्ल्याशिवाय येऊ नका. बुवाची बैठक त्याच्यानंतर त्याच्या पुतण्यानं काही वर्षं चालवली, मग बंद पडली असं ऐकलं. भांगेचा कायदा आज काय आहे तो आधी बघा. भांग मला एकदाच घ्यावीशी वाटली, पुन्हा नाही. पाण्यात उभी असलेली ती झाडं मला अजून डोळे मिटले की दिसतात, आणि ती भीतीही अजून आठवते, तिला मी कमी करून सांगणार नाही. तुम्ही जिथे जाल तिथे तुमच्याजवळ कोण बसणार आहे हे आधी विचारा. तो माणूस किती दूर जाऊन तुम्हाला परत आणेल ते पाहून घ्या. आणि ज्याला झोप नाही त्यालाही जर ते पाजत असतील तर तिथून उठा.

दादा लगेच बरा झाला असं नाही. पोळा होऊन गेल्यावर तो पुन्हा ट्रकवर बसला, दुसऱ्या मालकाच्या. संध्याकाळी ते वळण यायचं असेल तर मोताळ्यातच मुक्काम करायचा आणि सकाळी निघायचा. मुक्काम कुठे करायचा ते मला पुढे कळलं.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. मांडवात बायकांच्या रांगेत, गर्दीत, जनाबाई येऊन बसल्या होत्या. मोताळ्याचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, त्या कोण हे आईलाही ठाऊक नव्हतं. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी त्यांना सहज विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?"

त्यांनी गर्दीत दादाला शोधलं, पंगतीत वाढत असलेल्या, आणि त्याच्याकडे बोट दाखवलं.

"त्या डायवरकडची," त्या म्हणाल्या.